एकावर फाडलेली चिठ्ठी

एकसष्ट चिठ्ठ्या होत्या आणि त्यांतली एकच एकावर फाडलेली होती, आणि ती माझ्या बाबाची होती. चिठ्ठीच्या कडेला एक ते पाच आकडे छापलेले असतात, सिनेमा जसा वाटला त्या आकड्यापाशी फाडायचं. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही हा आमच्या फिल्म सोसायटीचा नियम आहे, पण अक्षर कुठे लपतं? सुटी, ताठ, दोन शब्दांमध्ये मोजून सारखी जागा सोडलेली अक्षरं, दगड कापणारे लोक कानामागे खोचतात त्या चपट्या जाड पेन्सिलीने लिहिलेली. जणू कागदावर नाही, कुणाच्या तरी थडग्यावर कोरायला घेतलीत. ‘खोकला बरोबर दाखवलाय. माणूस आधी काहीतरी धरतो.’ बस. दोन तास चार मिनिटांचा सिनेमा, एक कवी, घड्याळवाल्याची ती मुलगी, समुद्राकडची खिडकी, तिच्या हातात थांबलेली सतरा घड्याळं, शेवटी जेट्टीवर तिचा एक हातमोजा पडतो आणि ती तो उचलत नाही. मी एवढी रडले होते की माझ्या कॉलरला मिठाचा वास यायला लागला होता. आणि माझ्या बाबाला दिसला खोकला.

हॉलच्या मागच्या चहाच्या खोलीत मी चिठ्ठ्या मोजत होते आणि तिआहो कप विसळत होती. ती माझी मैत्रीण आहे, माझ्याच वर्गात, आणि तिला कशाचंच काही वाटत नाही हा तिचा सगळ्यात मोठा गुण आहे. ती म्हणाली, “तोंड का असं केलंस? कुणी तुझ्या कवीला शिव्या घातल्या काय?” मी चिठ्ठी हातात चुरगाळून धरली आणि म्हटलं की नाही, मूर्ख लोकांचा कंटाळा आलाय. “मी चार दिलेत हां,” ती म्हणाली, “एक मार्क कापला. फार वेळ मरत होता.” मी तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं, आणि मग दोन मिनिटांनी तिच्याच हातचं बिस्कीट खाल्लं, कारण बेरीज करायची होती. बेरीज आली दोनशे बावन्न. भागिले एकसष्ट. चार पॉइंट एक. गेल्या वर्षी पेंग्विनांच्या माहितीपटाला चार पॉइंट दोन मिळाले होते. पेंग्विनांना. जे आमच्या बंदरात रोज फुकट दिसतात, कुणाच्याही गॅरेजखाली अंडी घालतात आणि सडक्या माशांसारखे घाण मारतात. बाबाने पाचवर फाडली असती तर निदान बरोबरी झाली असती, मी तिथल्या तिथे हिशेब करून बघितला. म्हणजे माझा कवी पेंग्विनांच्या खाली गेला तो एका माणसामुळे, आणि त्या माणसाला तिथे मी आणलं होतं.

खरं सांगायचं तर बाकीच्या साठ जणांचंही मला काही कौतुक नव्हतं. आमच्या ओमारू गावात लोक हौसेने दीडशे वर्षांपूर्वीचे कपडे शिवतात आणि शनिवारी ते घालून हिंडतात, त्यामुळे जुन्या काळचा सिनेमा आला की त्यांना माणसं दिसतच नाहीत. त्यांना शिवण दिसते. चिठ्ठ्यांवर लिहिलं होतं: ‘टोपीच्या फिती चुकीच्या बाजूला बांधल्या आहेत.’ ‘अठराशे चौतीस साली असलं बटण नव्हतं, माझ्याकडे पुस्तक आहे.’ ‘घोडा उत्तम.’ ‘कवीने काहीतरी नोकरी बघायला हवी होती.’ ‘फार सुंदर, मधे छान डोळा लागला.’ ‘त्याने तिला आजाराचं सरळ सांगितलं असतं तर सिनेमा अर्ध्या तासात संपला असता.’ ‘खोकला फार, आवाज कमी करता येत नाही का?’ आणि एका चिठ्ठीवर एकच शब्द, खाली दोन रेघा मारलेला: ‘हीटर.’ हे लोक माझ्या शेजारी बसले होते. मी अंधारात हुंदके देत असताना त्यांतले निम्मे लोक त्या मुलीच्या बाहीच्या चुण्या मोजत होते. पण या सगळ्यांनी चार दिले, पाच दिले, डुलक्या काढणाऱ्यानेसुद्धा पाच दिले. ही माणसं बावळट आहेत पण दुष्ट नाहीत, असं मी मनात त्यांना एक प्रमाणपत्र देऊन टाकलं, आणि सगळा राग उरला तो त्या एका ताठ अक्षराच्या चिठ्ठीसाठी.

मतं जमवायचं काम माझ्याकडे येऊन दोनच महिने झाले होते. आधी ते एक म्हातारे गृहस्थ करायचे, त्यांची दृष्टी गेली. ऑगस्टमध्ये मी शाळेकडून भाषणाच्या स्पर्धेत पहिली आले, अख्ख्या विभागात, आणि त्यानंतर प्रेंटिसबाई मला दुकानात गाठून म्हणाल्या, “हेन्रिएटा, तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तूच घे हे.” प्रेंटिसबाई म्हणजे सोसायटीच्या अध्यक्षा. त्या कमरेला जुन्या काळचा, हाडांच्या काड्या घातलेला पट्टा आवळून बसतात म्हणून त्यांना वाकून काही उचलता येत नाही, आणि त्या मला हेन्रिएटा म्हणतात. माझ्या आईलाही एकेकाळी जुन्या कपड्यांचं वेड होतं, त्या भरात तिने माझं हे नाव ठेवलं. मग तिचं वेड उतरलं, ती पर्थला निघून गेली, नाव माझ्यापाशी राहिलं. बाबा मला हेटू म्हणतो. ऑगस्टपर्यंत मी वर्गात मागच्या बाकावर बसणारी, हाक मारली की कानापर्यंत लाल होणारी हेटी डोहर्टी होते. ऑगस्टनंतर मला कळलं की मी थांबले की लोक थांबतात, मी भुवई उचलली की लोक हसतात. ही काय गंमत आहे ते ज्याला लहानपणापासून बोलता येतं त्याला कळणार नाही. पंधरवड्यातून एकदा, रविवारी दुपारी दोन वाजता, नवा सिनेमा लागायच्या आधी मी समोर उभी राहते आणि मागच्या सिनेमाची मतं माइकवर वाचून दाखवते. लोक त्यासाठी लवकर येतात. आपलं वाक्य येतंय का म्हणून एकमेकांना कोपरं मारतात.

आणि म्हणून मी बाबाला म्हटलं होतं, या रविवारी तू येणारच आहेस. त्याने कधी सिनेमा बघितला नाही असं नाही, पण तो सिनेमात झोपतो आणि झोपल्याचं मान्य करतो, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नाही. मला त्याला हा सिनेमा दाखवायचा होता, कारण मला त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि ते माझ्या तोंडून निघत नव्हतं. की मी लिहिणार आहे. की शाळा संपली की मी इथून जाणार आहे, आणि रागावून नाही, आईसारखी नाही, तर ही अशी, या कवीसारखी. सिनेमा ते सांगेल, असं मला वाटलं होतं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. इस्त्री मीच केली होती, कॉलरला एक करपट डाग राहिला होता. तो तिसऱ्या रांगेत अगदी कडेला बसला, दाराशी, आणि सिनेमा चालू असताना दोनदा उठून बाहेर गेला. एकदा ती मुलगी पत्र जाळते तेव्हा. मी अंधारात त्याची पाठ दारातून जाताना बघितली आणि दात आवळले. परत येताना तो वाकून, माफी मागत, प्रेंटिसबाईंच्या झग्याच्या घोळावर पाय न देता आला, आणि मी ठरवलं की याच्यासाठी आपण यापुढे काहीही इस्त्री करायचं नाही.

घरी येताना गाडीत तो म्हणाला, “बरा होता की.” मी म्हटलं, “बरा?” तो म्हणाला, “मुलगी चांगली होती. घड्याळांचं काम तिला येत होतं, हात बघितलेस ना तिचे?” मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्याच्या डगमगत्या पिकअपमध्ये मी नेहमी खिडकीबाहेर बघते, कारण चढण लागली की तो खोकतो. आधी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरतो, बोटांची पेरं पांढरी होतात, मग खोकतो, आणि मग खिडकी उतरवून थुंकतो आणि म्हणतो, “धूळ.” एक वर्ष तो हेच म्हणतोय. पांढऱ्या दगडाची धूळ, आमच्या गावातली सगळी चर्चं, बँका, थडगी ज्या दगडाची आहेत त्याची. पण त्या दगडाने कुणी खोकत नाही, हे मला ठाऊक आहे, त्याला ठाऊक आहे. खोकला क्राइस्टचर्चचा आहे. तिथे मी व्हायच्या आधी त्याने बारा वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांचे ओटे कापले. ते खाणीतले नव्हेत, कारखान्यात भुकटी आणि डिंक दाबून केलेले, आरशासारखे चकचकीत, पाणी न मारता कोरडे कापायचे, ती धूळ थेट छातीत जायची. त्याच्याबरोबर कापणारा रेवी आता नाकात नळी घालून खुर्चीत बसतो, त्याचा नातू त्याच्यासाठी टीव्हीचा आवाज वाढवतो. आणि आमच्या स्वयंपाकघरात पावाच्या डब्यामागे एक पत्र आहे. डनीडनच्या हॉस्पिटलचं. छातीचा फोटो, मंगळवार, दहा वाजून चाळीस मिनिटं. मी ते वाचलंय, त्याने मला वाचताना बघितलंय, आणि आम्ही दोघांनी नंतर टोस्ट खाल्ला. ही दुसरी तारीख आहे. पहिल्या तारखेला त्याला एका कुटुंबाची समाधी संपवायची होती. मेलेली माणसं थांबू शकतात असं मी म्हटलं नव्हतं, म्हणायला हवं होतं, पण तेव्हा ऑगस्ट झालेला नव्हता आणि मला बोलता येत नव्हतं.

आता ऑक्टोबर होता आणि मला बोलता येत होतं, पण मी त्या पंधरा दिवसांत बाबाशी बोलले ते सगळं दूध, कपडे आणि बसच्या वेळा. त्या पत्राबद्दल एक शब्द नाही. त्याच्या चिठ्ठीबद्दलही नाही. ती चिठ्ठी मी गणिताच्या वहीत ठेवली होती आणि दर तासाला काढून बघत होते, जसं दुखरा दात जिभेने चाचपतात. ‘खोकला बरोबर दाखवलाय.’ म्हणजे बाकी सगळं चूक? म्हणजे एवढ्या प्रेमात, एवढ्या पत्रांत, एवढ्या मरणात तुला एक गोष्ट पटली, ती म्हणजे खोकला, आणि त्यालाही तू एक मार्क दिलास? मला वाटलं हा टोमणा आहे. बाबा टोमणे मारत नाही, पण आजवर मीही मारत नव्हते. कदाचित तो माझ्यावर उलटला असेल. कदाचित त्याला कळलं असेल की मी जाणार आहे आणि त्याने त्याच्या पद्धतीने कात्री लावली. मी तिआहोला म्हटलं की या वेळी वाचनाचा शेवट मी एका अशा मताने करणार आहे की लोक खुर्च्यांवरून पडतील. ती म्हणाली, “कुणाचं आहे?” मी म्हटलं, “एका गाढवाचं.” तिने माझ्याकडे बघितलं, च्युइंगगम चघळणं थांबवून बघितलं, आणि म्हणाली, “बरं.” तिला कळलं होतं की नाही कोण जाणे. तिला बहुतेक गोष्टी कळतात आणि ती त्यांचं काहीच करत नाही.

रविवारी हॉल भरला होता. बाबाही आला होता, न सांगता, न बोलावता, त्याच शर्टात, आणि पुन्हा दाराशी बसला. मी माइकपाशी गेले तेव्हा मला ते दिसलं आणि मला वाटलं, बरंच झालं. मी सुरू केलं. टोपीच्या फिती. बटण. नोकरी. प्रत्येकाला मी एक आवाज काढून ठेवला होता, घरी आरशासमोर बसवलेला. बटणवाल्यांना नाकातून बोलणारा, डुलकी काढणाऱ्यांना जांभई देत बोलणारा. लोक हसत होते, आणि ज्यांची मतं होती ते सगळ्यांत मोठ्याने हसत होते, हे माझ्या गावाचं एक नवल आहे, यांना तोंडावर मूर्ख म्हणा, ते म्हणतात किती छान वाचते. मला वरून, कुठून तरी उंचावरून, हे सगळे पांढरे केस, शाली, मांडीवरच्या उशा दिसत होत्या, आणि मला त्यांची कीव येत होती, आणि ती कीव मला फार आवडत होती, गरम पाण्यात पाय घालून बसल्यासारखी. मग मी शेवटची चिठ्ठी काढली. थांबले. भुवई उचलली. म्हटलं, “आणि हे एकमेव मत, जे एकावर फाडलेलं आहे.” लोकांनी ओऽऽ केलं. मी आवाज काढला, जाड, सावकाश, दगडी, शब्दाशब्दात जागा सोडणारा. “खोकला. बरोबर. दाखवलाय.” हॉल हशाने फुटला. मागे वॉलिस नावाचा एक कसाई बसतो, त्याने टाळी वाजवली. “माणूस. आधी. काहीतरी. धरतो.”

आणि ते वाक्य मी माझ्या तोंडाने त्याच्या आवाजात म्हटलं तेव्हाच, लोक हसत असताना, मला माझ्या मांड्यांना गार दगड लागला. मी सहा वर्षांची होते, आई अजून होती, आणि मी बाबाच्या आवारात दगडांच्या चिऱ्यांवर उड्या मारत होते. सगळीकडे पांढरं, डोळे दिपणारं, ओल्या पिठासारखा वास. प्रत्येक चिऱ्यावर निळ्या खडूने आकडा. मी एका गुळगुळीत चिऱ्यावर बसणार तेवढ्यात बाबा म्हणाला, “तिथे नको हेटू, तो एक आहे. पाचवर बस.” मी विचारलं, पाच का? तो म्हणाला पाच म्हणजे भुसभुशीत, शंख निघतो त्यातून, तो दळून शेतात टाकायचा. पाचवर कुणीही बसावं. मग त्याने मला एकच्या चिऱ्यापाशी नेलं, माझ्या मुठीने त्यावर टकटक केलं आणि म्हणाला, ऐक. दगड वाजला. घंटेसारखा नाही, पण आत कुठेतरी लांब, स्वच्छ, अखंड. “हा चर्चला जाईल,” तो म्हणाला, “शंभरात एखादा निघतो असा.” त्या दिवसापासून कितीतरी वर्षं मी आवारात गेले की नेमकी पाचचा चिरा शोधून बसायचे, डबा त्यावर खायचे, अभ्यास त्यावर करायचे. मला सगळं माहीत होतं. माझ्या मांड्यांना माहीत होतं. ऑगस्टपासून मी जी कुणी झाले होते तिला माहीत नव्हतं.

त्याने एकावर फाडली होती. त्याच्यापुढे कुणीतरी एक ते पाच आकडे धरले आणि त्याने आयुष्यभर केलं तेच केलं, टकटक करून बघितलं, वाजला, आणि एक दिला. शंभरात एखादा. एकसष्टांत फक्त त्याने. बाकी सगळ्यांना टोप्या दिसल्या, मला मी दिसले, आणि तिसऱ्या रांगेतल्या त्या माणसाला समोरच्या पडद्यावर एक माणूस दिसला जो प्रत्येक वेळी तिच्यासमोरून उठून बाहेर जात होता, भिंत धरत होता, मग खोकत होता, आणि परत येऊन काही झालंच नाही असं बसत होता. आणि ती घड्याळं दुरुस्त करत होती आणि मनात म्हणत होती, याला माझा कंटाळा येतो.

मी बघितलं तेव्हा बाबाचा हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर होता. प्रेंटिसबाईंच्या शालीच्या शेजारी, पेरं पांढरी. मला पुढचं ठाऊक होतं, हॉलमध्ये फक्त मलाच. मग तो खोकला. दाबून खोकला, त्यामुळे ते जास्तच वाईट ऐकू आलं, ओल्या फळीवरून काहीतरी ओढत नेल्यासारखं. लोक वळले. मागून वॉलिस म्हणाला, “या या कवी महाराज,” आणि पुन्हा हशा झाला, प्रेमळ हशा, आपल्या गावच्या माणसाला करतात तसा. बाबाही हसला. खोकता खोकता त्याने हात वर करून सगळ्यांना सलाम केला. मी त्या हसणाऱ्या तोंडांकडे बघितलं आणि मला एवढी किळस आली की माझ्या हातातला माइक ओला झाला. त्यांची नाही. त्यांना कोण शिकवून आलं होतं हसायला? मीच जाड आवाज काढून दाखवला होता. कुठे हसायचं ते मीच भुवईने सांगितलं होतं.

“ही चिठ्ठी मी चुकीची मोजली,” मी म्हटलं. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, कारण तो जातोच. “ती पाच आहे.”

हॉलमध्ये खुसखुस राहिली होती ती विझायला वेळ लागला. प्रेंटिसबाई पट्ट्यामुळे नुसती मान न वळवता अख्ख्या वळल्या. “पण फाडलीय तर एकावर, हेन्रिएटा.”

“दगडाच्या कामात एक म्हणजे सगळ्यात वरचा.”

“आपल्याकडे पाच वरचा. तीस वर्षं आहे.”

“चिठ्ठीवर तसं कुठे लिहिलंय?”

त्यांनी पिशवीतून एक कोरी चिठ्ठी काढून चष्म्यासमोर धरली. उलटी केली. पुन्हा सुलटी केली. “कुणाला सांगावं लागलं नाही आजवर,” त्या म्हणाल्या, जरा दुखावून.

“म्हणजे आजवर बाहेरचं कुणी आलंच नाही,” मी म्हटलं. मग मला उगाच त्या चष्म्यामागच्या ओल्या डोळ्यांचा राग आला आणि कीवही आली, आणि या वेळची कीव काही गरम वगैरे नव्हती. मी चिठ्ठी पुन्हा वाचली. माझ्या आवाजात, साधी, दोन्ही वाक्यं. कुणी हसलं नाही. कुणाला फार काही कळलंही नसावं, एक बाई शेजारणीला विचारत होती की मग घोड्याचं वाचून झालं का. मी बाबाकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता. हातात बाकी काही राहिलं नव्हतं म्हणून मी म्हटलं, “नवी सरासरी चार पॉइंट दोन, पेंग्विनांएवढी. आणि एक मत वाचायचं राहिलं. हीटर.” त्यावर मात्र टाळ्या पडल्या.

त्या दिवशीचा सिनेमा आम्ही बघितला नाही. दिवे गेल्यावर मी तिसऱ्या रांगेपर्यंत चालत गेले, बाबाच्या खांद्याला हात लावला, आणि तो काही न विचारता उठला. बाहेर लख्ख ऊन होतं, दगडांच्या भिंतींवरून परत येऊन डोळ्यांत जाणारं. पिकअपमध्ये बसल्यावर त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

“पेंग्विनांएवढा झाला म्हणजे,” तो म्हणाला.

“हो. दोनशे छप्पन्न भागिले एकसष्ट.”

“बरं झालं.” आरसा नीट करत म्हणाला, “माझा आवाज तू चांगला काढलास.”

“बाबा.”

“नाही, खरंच. मला कळलंच नाही आधी कोण आहे ते. मला वाटलं कुणी म्हातारा आहे.” तो हसला, आणि हसणं अर्ध्यावर जपून थांबवलं, पुढे काय येतं ते ठाऊक असल्यासारखं.

मला त्याला ते सगळं सांगायचं होतं, कवी, लिहिणं, जाणं. तोंडात तयार होतं, स्पर्धेतल्या भाषणासारखं, थांबे धरून. ते मी गिळलं. “मंगळवारी किती वाजता निघायचं?” मी विचारलं.

बंदराकडे एक माणूस उंच टोपी घालून सायकलवर चालला होता. “मंगळवारी तुला शाळा आहे,” तो म्हणाला.

“नाही.”

होती. गणिताची चाचणीसुद्धा होती, आणि त्याला ते ठाऊक होतं, फ्रिजवर त्यानेच चुंबकाने लावलं होतं. त्याने किल्ली फिरवली. पिकअप खाकरली, हलली, आम्ही बंदर सोडलं आणि चढणीला लागलो.

“आठला,” तो म्हणाला. “डबा तू करायचास.”

मग त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, घट्ट, पेरं पांढरी होईपर्यंत. या वेळी मी खिडकीबाहेर बघितलं नाही.